पोरांची शाळा कां सुटते?

(गांवच्या सभेंत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कोणी बैलांना वैरण टाकून, कोणी भात्याचा विस्तव विझवून, तर कोणी चूल आवरून येथें आला आहांत. तेव्हां आम्ही पाल्हाळ लावणार नाहीं. विषय एकच आहे. आपल्या पोरांचीं नांवें पहिलीच्या पटावर असतात. दहावीच्या पटावर त्यांतलीं पुष्कळ नसतात. मधल्या वाटेंत तीं कोठें गळतात, कां गळतात आणि ही गळती कोणीं बुजवावयाची, एवढेंच आज बोलावयाचें आहे.

विचारलें तर घरोघर दोन उत्तरें मिळतात. एक, "पोराचें डोकें चालत नाहीं." दुसरें, "विद्या आमच्या नशिबांतच नाहीं." पहिलें उत्तर खोटें आहे. जो पोरगा बाजारांत टोपलीभर भाजीचा हिशोब पैशानें चुकूं देत नाहीं, पंपाची मोटर खोलून पुन्हां जशीच्या तशी बसवितो, त्याचें डोकें शाळेच्या दारांतच कसें बंद पडतें? दुसरें उत्तर त्याहून वाईट. तें आपल्या वाडवडिलांना दुसऱ्यांनीं पढविलें आणि त्यांनीं तें खरें मानलें. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नांगर आपल्या हातांत राहिला व कागद दुसऱ्याच्या हातांत गेला. तें उत्तर आतां आपल्या तोंडीं शोभत नाहीं.

खरें कारण हजेरीपटांत लिहिलेलें असतें. कायद्यानें पहिली ते पांचवीची शाळा वर्षांत निदान २०० दिवस व सहावी ते आठवीची २२० दिवस भरली पाहिजे. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशीं पोर घरीं ठेवलें, तर त्यांतले तीस-पस्तीस दिवस गेले. खुरपणी, कापणी, जत्रा, सोयरीक यांचे दिवस निराळेच. आपण म्हणतों, एका दिवसानें काय होतें? पण धरणाला भगदाड एकदम पडत नाहीं; आधीं पाझर लागतो.

ऊसतोडीचें उदाहरण घ्या. शाळा जूनमध्यें भरते. दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतून व आसपासच्या कोरडवाहू मुलखांतून टोळ्या निघतात. कांहीं पश्चिम महाराष्ट्रांत, कांहीं कर्नाटकांत. मुकादमाची उचल घेतलेली असते; ती फिटेपर्यंत कोयता खालीं ठेवतां येत नाहीं. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. पोराला त्या हिशोबांत जागा नाहीं, पण काम मात्र आहे. मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते. मुलगा वाढे गोळा करतो. टोळी परत येते तों पाडवा आलेला असतो आणि शाळेचें वर्ष सरलेलें असतें. पुढल्या जूनमध्यें पोरगा वरच्या वर्गांत बसतो खरा, पण गेल्या सालचा भागाकार त्याच्या कानावरही गेलेला नसतो. गुरुजी अपूर्णांक शिकवितात तेव्हां तो खिडकींतून बाहेर पाहतो. दुसऱ्या वर्षीं तेंच, तिसऱ्या वर्षीं तेंच. मग एके दिवशीं तो म्हणतो, "मला शाळेंत जायचें नाहीं," आणि आपण चारचौघांत सांगतों कीं पोराला आवड नाहीं! ती आवड चार वर्षें रोज थोडी थोडी मरत होती, तिकडे कोणीं पाहिलें नाहीं. वीटभट्टीवर जाणाऱ्यांची व मेंढरांमागें रान बदलणाऱ्यांची हीच कथा आहे.

मुलींची गोष्ट आणखी कठीण. गांवची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. हायस्कूल दोन-चार कोसांवर. वाट सुनी, गाडी वेळेवर नाहीं, कोठें शाळेंत मुतारीची नीट सोय नाहीं. पोर मोठी झाली म्हणून आईचा जीव खालवर होतो. टोळीबरोबर जाणाऱ्या आईबापांना वाटतें, जाणत्या पोरीला मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावें? मग स्थळ पाहिलें जातें. १८ वर्षांच्या आंत मुलीचें लग्न हा कायद्यानें गुन्हा आहे, हें ठाऊक असूनही अक्षता पडतात. शाळा सुटलेली ती पोर दुसऱ्या वर्षीं आपल्या नवऱ्याबरोबर नवा कोयता होऊन फडांत उभी राहते.

आतां आम्ही गरिबाला दोष देणार नाहीं. शाळा मोफत आहे असें म्हणतात, पण पोराचे दोन हात घरांतून गेले कीं त्याची किंमत घराला मोजावी लागते. आपल्या थोर पुरुषांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे वळतो हें त्यांनीं स्पष्ट मांडलें आणि निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करा अशी मागणी केली. तेवढ्यावर ते थांबले नाहींत. गरिबाचें मूल शाळेंत यावें म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसें द्या, आणि नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरतां येईल असे शिक्षक नेमा, हेंही त्यांनीं सांगितलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, मूल न पाठविणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेविला. पण त्याच्या कितीतरी आधीं, १९०१ पासून, त्यांनीं निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभारण्यास हात घातला होता. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. पुढें साताऱ्याच्या वसतिगृहांत मुलें श्रम करून शिकूं लागलीं, आणि तेथली चूल विझूं नये म्हणून लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडले. शाळेची भिंत बांधणें सोपें आहे. पोराच्या पोटाची आणि निवाऱ्याची सोय झाल्याशिवाय तें त्या भिंतीआंत टिकत नाहीं, हा त्यांच्या कामाचा अर्थ आहे.

मग आपण काय करावें?

पहिलें घरापुरतें. बाजाराला पोर न्यावयाचें नाहीं, खुरपणीला शाळा बुडवावयाची नाहीं. सुटीच्या दिवशीं त्यानें हाताला हात लावावा. कुंभाराच्या पोरानें चाक आणि सुताराच्या पोरानें रंधा अवश्य शिकावा, पण शाळेच्या वेळेंत नव्हे. आणि रात्रीं पाटी आपल्याला वाचतां येत नसली तरी पोराला विचारावें, "आज काय शिकलास?" बाप विचारतो एवढ्यानेंही पोर सावध राहतें.

दुसरें गांवापुरतें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यांत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे ती समिती तुमचीच आहे. तेथें नुसती सही किंवा अंगठा करून उठूं नका. कोणतें पोर लागोपाठ तीन दिवस आलें नाहीं हें विचारा, आणि चौथ्या दिवशीं त्याच्या घरीं जा. जो मागें पडला असेल त्याला गांवांतल्या शिकलेल्या पोरांनीं संध्याकाळीं तासभर देवळांत किंवा चावडींत बसवून गणित सांगावें. शिकून नोकरीला लागलेल्यांवर तर हें गांवचें ऋणच आहे.

तिसरें सरकारदरबारीं. टोळ्यांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुलानें आजाआजीजवळ गांवींच राहावें व त्याला जेवण मिळावें, असा तिचा हेतु. तें वसतिगृह टोळी निघण्याआधीं उघडलें पाहिजे. टोळी गेल्यावर उघडलेलें वसतिगृह म्हणजे पाऊस सरल्यावर शाकारलेलें घर. म्हणून मागणीचा अर्ज श्रावणांतच गेला पाहिजे. मूल बरोबर न्यावेंच लागलें, तर जेथें मुक्काम पडेल तेथल्या शाळेंत त्याला बसविण्याचा हक्क आहे. जन्माचा दाखला नाहीं म्हणून कोणी परत पाठवूं शकत नाहीं. सुटलेलें मूलही आपल्या वयाच्या वर्गांत बसूं शकतें, आणि मागचें भरून काढण्यासाठीं त्याला निराळें शिकविणें हें सरकारवर बंधन आहे. माध्यमिक शाळेच्या मुलींस एस. टी. चा मोफत पास आहे; गाडीच येत नसेल तर बायांनीं मिळून आगारांत जावें.

एक मोठें भगदाड मात्र अजून उघडें आहे. या कायद्याची हमी वयाच्या चौदाव्या वर्षीं व आठवींत संपते. आपलीं पोरें अधिक गळतात तीं त्याच्याच पुढें, नववी-दहावींत. ही हमी बारावीपर्यंत वाढवा, अशी मागणी मत मागावयाला येणाऱ्या प्रत्येकापुढें आपण ठेविली पाहिजे. ज्यांची शाळा सुटून गेली त्यांनींही हात टेकूं नयेत. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसतां येतें.

बंधुभगिनींनो, जनावर हरवलें तर आपण कंदील घेऊन रात्रभर रान धुंडाळतों. पटावरून पोर हरवतें तेव्हां कोणी उठतही नाहीं. पुढच्या ग्रामसभेंत दुसरा कोणताही ठराव येण्याआधीं शाळेचा हजेरीपट मोठ्यानें वाचावा, आणि जें नांव वाचतांना गुरुजी थांबतील त्या पोराच्या घरीं त्याच संध्याकाळीं दोघांनीं जावें. एवढें ठरवून आज घरीं जाऊं या.