माथेरानचा बंगला

डोंगरावर घर असावं, मे महिन्यात सगळा गोतावळा तिथं जमावा, ही मुंबईकरांची जुनी हौस. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढले आणि मागोमाग इंग्रजांचे, पारशांचे बंगले उठले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी आली. मोटारी मात्र आजही गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात. त्यामुळे दुरुस्तीचं सामान वर न्यायचं म्हणजे वेगळी हमाली, आणि खर्चाचा अंदाज चुकतो तो इथंच. त्यात पावसाळा! भिंतींना ओल, गाद्यांना बुरशी, माकडांनी सरकवलेली कौलं. घराची नस मालकापेक्षा बारमाही राहणाऱ्या माळीबुवांनाच ठाऊक. २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाल्यानं नव्या बांधकामावर कडक बंधनं आहेत. जुना बंगला घेणार असाल, तर जमीन भाडेपट्ट्याची आहे का, तेही आधी विचारा.