तीच जागा, तोच कोन, दर वर्षी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, छायाचित्रकार नाही. रोजचं काम डेटाचं असल्यामुळे हवामानबदलाचा कुठलाही फोटो समोर आला की मला पहिला प्रश्न पडतो, याच्या आधीचा फोटो कुठे आहे?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. ते फोटो आपण हळहळून पाहिले आणि पुढे पाठवले. अशा फोटोत नुकसान दिसतं. बदल दिसायला मात्र एकाच जागेवरून, अनेक वर्षं काढलेले फोटो लागतात.

जेम्स बॅलॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००७ पासून ग्रीनलँड, आइसलँड, अलास्कातल्या हिमनद्यांसमोर कॅमेरे बसवले. ते ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढत राहिले. फोटो ओळीने लावल्यावर हिमनदी मागे हटताना डोळ्यांना दिसली. ‘चेसिंग आइस’ हा २०१२ चा माहितीपट त्यावरच आहे. डेव्हिड ब्रेशियर्स यांनी एव्हरेस्टच्या उत्तरेला जाऊन, जॉर्ज मॅलरींनी १९२१ मध्ये जिथून फोटो काढला होता ती जागा शोधली आणि २००७ मध्ये तिथूनच पुन्हा फोटो काढला. मधल्या काळात रोंगबुक हिमनदीची जाडी सुमारे १०० मीटरने घटली होती.

महागडा कॅमेराच हवा असं नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘कोस्टस्नॅप’ उपक्रमात किनाऱ्यावर मोबाइल ठेवायला पक्की बैठक असते. येणारे-जाणारे तिच्यावर मोबाइल ठेवून फोटो काढतात आणि पाठवतात. शास्त्रज्ञ त्यावरून किनारा किती सरकला ते मोजतात.

आपल्यापैकी अनेकांची गावं कोकणात आहेत. तिथे हे काम आपल्याला करता येईल. जेट्टी, कब्रस्तानाची भिंत, मशिदीची पायरी अशी न हलणारी खूण फोटोत घ्या. पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू जाते आणि नंतर बरीचशी परत येते. म्हणून जुलैचा फोटो जानेवारीच्या फोटोशेजारी ठेवणं ही फसवणूक ठरेल. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि चांदची तारीख आपल्या घरात माहीत असतेच. दर जानेवारीत चौदाव्या चांदच्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोटो काढा. जवळ बंधारा झाला असेल, वाळूउपसा चालू असेल, तर तेही लिहून ठेवा. सगळा दोष हवामानाचा नसतो.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख आणि ठिकाणाची नोंद निघून जाते. मूळ फाइल जपा. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माणसं दिसत असतील तर आधी त्यांना विचारा.

आणि घरातले जुने अल्बम उघडा. लग्नाच्या, ईदच्या फोटोंत माणसांच्या मागे किनारा असतो. तो कुठून दिसतो, हे सांगणारी दादी-नानी आज घरात आहे. तिला सोबत घेऊन ती जागा शोधा. उद्या ‘इथे आधी काय होतं?’ असं कोणी विचारलं, तर वस्तीकडे दाखवायला काहीतरी असेल.