अंतराळात न गेलेली याने



शिरूर-दौंडच्या या पट्ट्यात आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, मला तुमच्याशी जमिनीवर नीट उतरण्याविषयी बोलायचं आहे.

23 जून 2024 ची सकाळ, कर्नाटकातलं चित्रदुर्ग. हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरनं इस्रोचं 'पुष्पक' हे पंखांचं यान साडेचार किलोमीटर वर नेलं. पावणेतीन कळसूबाई एकावर एक रचल्या तर होईल एवढी ती उंची. तिथून ते सोडून दिलं. आत वैमानिक नाही, इंजिनाचा जोर नाही. वर सोडलंही मुद्दाम धावपट्टीच्या रेषेपासून 500 मीटर बाजूला. यान आपलं आपण वळलं, रेषेवर आलं आणि ताशी 320 किलोमीटरहून जास्त वेगानं त्यानं चाकं टेकवली. प्रवासी विमान साधारण 260 च्या वेगानं टेकतं. मागची छत्री उघडली, वेग शंभराच्या आसपास आला, मग चाकांचे ब्रेक लागले. पुढचं चाक आणि शेपटीचं सुकाणू यांनी त्याला शेवटपर्यंत रेषेत ठेवलं.

हे यान अंतराळात गेलेलं नाही. त्याचं काम एवढंच, की पुढं जे जाईल त्याला परत कसं उतरायचं ते शिकून ठेवणं. 2016 च्या मे महिन्यात त्याच्या आधीचं यान 65 किलोमीटर उंचीवर, आवाजाच्या पाचपट वेगानं जाऊन आलं, पण उतरलं बंगालच्या उपसागरात. 'पुष्पक' खऱ्या धावपट्टीवर उतरायला 2023 चा एप्रिल उजाडला. त्या पहिल्या उतरणीनंतर सांगाडा आणि चाकांची बैठक आणखी भक्कम केली, आणि 2024 मध्ये तेच यान पुन्हा दोनदा उतरवलं.

अमेरिकेच्या स्पेस शटलचं चाचणी-यान 'एंटरप्राइझ', त्याचंही तसंच; तेही अंतराळात गेलं नाही. 1977 मध्ये बोइंग 747 च्या पाठीवरून ते पाच वेळा सुटलं. शेवटच्या खेपेला, अपोलो 13 वर गेलेला फ्रेड हेझ चालवत असताना, ते टेकताना उसळलं आणि डोलायला लागलं. नियंत्रणातला दोष त्यामुळं उघड झाला. 1981 मध्ये 'कोलंबिया' हे शटल माणसं घेऊन अंतराळात निघालं, त्याच्या आधी तो दोष दुरुस्त झाला होता. दोष चाचणीत सापडला, म्हणून ती चाचणी सार्थकी लागली असं मी मानतो.

हे काम आपल्यापासून लांबचं नाही. अग्निबाणाचं घन इंधन देशात उभं करणारे वसंत गोवारीकर पुण्यात जन्मले. दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला, इस्रोच्या अग्निबाणांची आवरणं घडतात. तिथला वेल्डर आणि तपासनीस या कामाचे तेवढेच धनी आहेत.

तुमच्यातले बरेच जण रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत जातील. तपासणीच्या टेबलावर बसाल, तेव्हा माल पुढं ढकलण्याची घाई असेल. मोजमाप चुकलेलं दिसलं तर तसंच लिहा, कुणी रागावलं तरी. आणि इस्रोत आयटीआय, पदविका झालेल्यांच्याही जागा निघतात; जाहिरात आली की अर्ज भरा, गावातल्या धाकट्यांनाही भरायला लावा.