कातळावरचा हत्ती आणि चिऱ्याची खाण



सागरकिनाऱ्याचा वारसा म्हटला की सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी ही नावे ओठांवर येतात. २०२५ साली हे जलदुर्ग जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या उतई-भिलाईतील मराठी घरांनाही आनंद झाला. दुर्गांना तट आहेत, शिवछत्रपतींचे नाव आहे. त्याच किनारपट्टीवरील कातळशिल्पांना यांपैकी काहीच नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्या दगडाची उघडी पठारे आहेत. कोकणात त्यांना सडा म्हणतात. पावसाळ्यात तेथे रानफुले फुलतात, उन्हाळ्यात उरतो तो नुसता काळा कातळ. या कातळात प्रागैतिहासिक माणसाने चित्रे कोरली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या देहाच्या रेषेत मासे आणि अनेक प्राणी सामावले आहेत. बारसूला दोन वाघांमध्ये उभा माणूस आहे. कोकणात आज कोठेही न आढळणारा गेंडाही या शिल्पांत दिसतो, म्हणजे बदललेल्या निसर्गाची साक्षही येथेच आहे. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्या हौशी शोधकांनी सडे पायी तुडवले, गुराख्यांना विचारले, तेव्हा कुठे हे धन उजेडात आले.

आता अडचण अशी, की बहुतेक शिल्पे खाजगी जमिनीत आहेत आणि तो कातळच विकाऊ आहे. जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणून कोकणातील घरे पिढ्यानपिढ्या चिऱ्याचीच. चिरा विकणारा शेतकरी खलनायक नव्हे. खडकाळ सड्यावर त्याला दुसरे पीक कोणते? खाणीचे यंत्र मात्र एका दिवसात हजारो वर्षांची रेषा कापून नेते. रस्ते आणि कलमांच्या बागांसाठीही कातळ फोडला जातो. बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून २०२३ साली उठलेल्या वादात या शिल्पांचा प्रश्न देशभर पोहोचला.

२०२२ साली कोकणातील ८ आणि गोव्यातील १ अशी ९ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. परंतु त्या यादीने कातळाभोवती कुंपण पडत नाही. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती स्वतःच गडगा घातला. सरकारी फलकापेक्षा तो मोलाचा ठरतो. जमीनमालकाला शिल्प राखण्यातून चार पैसे मिळतील, अशी व्यवस्था झाली तरच इतर गावांत असे गडगे उभे राहतील.

सुटीत कोकणात जाणारी कुटुंबे कशेळीच्या कनकादित्याचे दर्शन घेतात. हत्तीचा सडा त्याच गावात आहे. मालकाला विचारून जावे, पादत्राणे बाहेर काढावीत, छायाचित्रासाठी खडूने रेषा गिरवू नयेत. आणि कोकण दूर वाटत असेल, तर शेजारच्या बालोद जिल्ह्यात करकाभाट आहे. तेथील महापाषाणकालीन दफनांच्या शिळाही उघड्यावरच आहेत, आणि तेथे जाऊन संध्याकाळपर्यंत घरी परतता येते.