आतल्या खोलीतून प्रिंट निघत नाही!

२०१८ साली आमच्या घरी दुसरा संगणक आला, मुलीचा लॅपटॉप. प्रिंटर मात्र बैठकीच्या खोलीतल्या जुन्या संगणकाला वायरने जोडलेला. आतल्या खोलीत बसून प्रिंट काढता यावी, एवढीच तिची मागणी. पहिल्या दिवशी जमलं, दुसऱ्या दिवशी बंद!

अशा वेळी आपण आधी प्रिंटरला दोष देतो. मीही कार्ट्रिज काढून, पुसून परत बसवलं. प्रिंटर बिचारा निर्दोष होता. तो ज्या संगणकाला जोडलेला असतो, तो बंद पडला किंवा नुसता 'स्लीप'मध्ये गेला, की बाकीच्यांच्या दृष्टीने प्रिंटर घरात नसतोच. आमचा अर्धा त्रास एवढाच निघाला.

उरलेला अर्धा शोधताना पायापासून सुरुवात करावी. दोन्ही संगणक एकाच राऊटरवर आहेत ना? एक वाय-फायवर आणि दुसरा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर त्यांची भेट होणार नाही. मग दोघांचे आयपी पत्ते पाहावेत. घरच्या राऊटरने दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ने सुरू होतो. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. संगणकाने आपल्या मनाने एक धरून घेतला आहे. तिथे शेअरिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही, आधी राऊटर बघावा.

पत्ते ठीक असतील, तर फोल्डरच्या खिडकीत वरच्या पट्टीवर दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन समोरच्या संगणकाचा पत्ता लिहावा. नावाने न सापडणारा संगणक अशा आकड्यांनी उघडला, तर शेअरिंग चालू आहे, फक्त नाव ओळखण्यात घोळ आहे. आणखी एक जागा पाहायची. वाय-फाय जोडताना विंडोजमध्ये ते 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' ठरतं. 'पब्लिक' असलं, की संगणक आपण रेल्वे स्टेशनवर आहोत असं समजून स्वतःला लपवतो.

आणि मग येतो पासवर्ड. घरचाच संगणक म्हणून पुष्कळजण तो ठेवत नाहीत. पण पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज सहसा नेटवर्कवरून आत घेत नाही. ज्यांचा असतो ते रोजचा चार आकडी पिन टाकून पाहतात. तो चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्डच लागतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, मुलीला सकाळी प्रकल्प द्यायचा होता. मी फायरवॉल बंद केली, पासवर्डची अट काढली आणि सबंध 'डी' ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला, म्हणजे कुणालाही, खुला केला. प्रिंट निघाली. मी विजयी मुद्रेने झोपलो.

त्या 'डी'मध्ये 'आईचे रिपोर्ट' नावाचा फोल्डर होता. शेजारच्या मुलाला परीक्षेपुरता मी आमच्या वाय-फायचा पासवर्ड दिला होता. त्याच्या लॅपटॉपवर आमचा संगणक आपोआप दिसू लागला. त्याने सहज उघडून पाहिलं आणि घरी सांगितलं. चार दिवसांनी त्याची आई आमच्याकडे आली, आईचा हात हातात घेऊन म्हणाली, 'काकू, धीर धरा. हल्ली खूप चांगले उपचार निघालेत.' आईला आम्ही गाठीबद्दल सांगितलंच नव्हतं. बायोप्सीनंतर सांगू, असं ठरलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं. शेजारीणबाईंना तरी काय बोलणार? दार मीच उघडं ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी आधी आईजवळ बसलो. संगणकाकडे रात्री वळलो. फायरवॉल चालू केली. तिच्यात फाइल आणि प्रिंटर शेअरिंगपुरती वाट ठेवता येते, सगळी भिंत पाडावी लागत नाही. सबंध ड्राइव्हऐवजी एकच रिकामा फोल्डर शेअर केला. त्यासाठी वेगळं खातं काढून त्याला पासवर्ड दिला. राऊटरवर पाहुण्यांसाठी निराळं वाय-फाय सुरू केलं. त्यावरच्या माणसाला इंटरनेट मिळतं, घरचे संगणक दिसत नाहीत. एक्सपीच्या काळातले संगणक जोडण्यासाठी 'एसएमबी-१' ही जुनी पद्धत पुन्हा चालू करायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू त्याच पद्धतीतल्या उणिवेतून संगणकासंगणकांत पसरला होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला बोलावलं. तो खालमानेने आला. म्हटलं, तुझ्या लॅपटॉपवरून बघ काय दिसतंय. प्रथम जुन्या वाय-फायवरून पाहायला लावलं. 'काका, आता पासवर्ड मागतंय,' तो म्हणाला. मग पाहुण्यांच्या वाय-फायवर त्याला घेतलं, तेव्हा आमचा संगणकच दिसेना.