लाइट गेली की रेंज का जाते?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं, थोडं आवरून लिहिलेलं)



मागच्या पावसाळ्यातली ती सकाळ तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. लाडकी बहीणचे पैसे जमा झाले होते. बीसी सखी अंगठ्याचं मशीन घेऊन देवळात बसली होती आणि समोर अकरा बायका. रेंज नव्हती. एक मावशी वाडीवरून चालत आली होती, नवऱ्याच्या औषधाला पैसे हवे होते. दुपारी दोनपर्यंत बसली आणि तशीच परत गेली. बोलणी मात्र सखीने खाल्ली. हिनेच पैसे अडवलेत, असंही कुणीतरी म्हणालं.

मशीन चांगलं होतं. खात्यात पैसे होते. आदल्या रात्री नऊला लाइट गेली आणि अकराच्या सुमारास टॉवरची बॅटरी संपली, एवढंच झालं होतं.

मी समाजकार्य शिकलेय, वीज नाही. म्हणून टॉवरवर आलेल्या टेक्निशियन दादांना गाठलं आणि त्यांचं डोकं खाल्लं. त्यांनी दाखवलं ते सांगते.

टॉवरवरच्या यंत्रांना ४८ व्होल्टची वीज लागते. ती बॅटरीतून मिळते, आणि आपली गावातली लाइन ती बॅटरी भरत राहते. शिशाची जुनी बॅटरी असेल तर २ व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडलेले असतात. एका कंपनीचा साधा टॉवर तासाला एक-दीड युनिट खातो. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं तेच युनिट. ६०० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी असेल तर तिच्यात २८ युनिट मावतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की ती लवकर मरते. म्हणजे वापरायला १४. दीड युनिटच्या हिशेबाने नऊ तास टॉवर चालायला हवा. आपला दोन तासांत गेला.

का? तर बॅटरी म्हातारी झाली होती. आपल्या गटाच्या पैशासारखंच आहे बघा. कर्ज उचललं आणि हप्ता पूर्ण भरलाच नाही तर गट किती दिवस टिकेल? लाइट दिवसातून चार वेळा जाते, बॅटरी उपसली जाते, आणि पुन्हा पूर्ण भरायच्या आत लाइट परत जाते. अर्धवट भरलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि मग तिच्यात वीज मावतच नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

लिथियमची बॅटरी, म्हणजे आपल्या मोबाइलमधल्या जातीची, इथे बरी पडते. लवकर भरते, अर्धवट भरली तरी रुसत नाही, ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते. महाग आहे, आणि चोरांनाही आवडते. टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला जातात हे तुम्ही ऐकलंच असेल. गेली की त्या गावाचे हाल.

बॅटरी संपल्यावर काही टॉवरांवर डिझेलचं जनरेटर असतं. एक लिटर डिझेलला साधारण तीन युनिट मिळतात. ती वीज आपल्या लाइनच्या विजेपेक्षा कितीतरी महाग. शिवाय पावसात रस्ता बंद झाला की डिझेल आणणार कोण?

मग सोलर का नाही, असं मागच्या सभेत एका ताईंनी विचारलं होतं. दीड युनिटचा टॉवर म्हणजे दिवसाला ३६ युनिट. एक किलोवॉटची पॅनल आपल्याकडे दिवसाला चार युनिट देतात. म्हणजे नऊ किलोवॉट लागतील, त्याला जवळजवळ गुंठाभर मोकळी जागा हवी. आणि पावसाळ्यात, जेव्हा लाइट सगळ्यात जास्त जाते, तेव्हाच ऊन निम्म्यावर येतं. त्यामुळे नुसत्या सोलरवर टॉवर चालेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. लाइन, सोलर आणि चांगली बॅटरी असा तिन्हींचा मेळ लागतो. दूरसंचार विभागाने २०१२ मध्येच सांगितलं होतं की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले निम्मे टॉवर अशा मिश्र विजेवर आणा, २०२० पर्यंत पंचाहत्तर टक्के. आपल्या टॉवरच्या कुंपणात किती पॅनल दिसतात ते तुम्हीच बघून या.

उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये एक वेगळी गोष्ट झाली. काही कंपन्यांनी गावात छोटा सोलर प्रकल्प उभा केला. टॉवर हे त्यांचं रोजचं हक्काचं गिऱ्हाईक, आणि त्याच प्रकल्पातून गावातल्या दुकानांना, घरांना वीज. आपल्याकडे लाइन आलेली आहे, त्यामुळे तसंच्या तसं इथे बसणार नाही. पण टॉवर हा गावाशी बांधलेला असू शकतो, हे त्यातून मला पटलं.

हे सगळं मी का सांगतेय? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. खांब आडवे झाले, लाइट गेली, मागोमाग टॉवर मुके झाले. मुंबईतल्या लेकरांना गावाकडची खबर मिळेना. आपल्याकडे समुद्र नाही, पण अडलेल्या बाईसाठी १०८ लावायचा तर तोही त्याच टॉवरवरून लागतो. सिम बदलूनही नेहमी उपयोग होत नाही, कारण बऱ्याचदा दोन-तीन कंपन्या एकाच टॉवरवर असतात आणि सगळ्यांची रेंज एकदमच जाते.

तर काम असं. गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा. लाइट गेली ती वेळ, रेंज गेली ती वेळ. मधला फरक म्हणजे तुमच्या टॉवरच्या बॅटरीची तब्येत. टॉवरच्या फाटकावर पाटी असेल, तिच्यावरचा साइट नंबरही लिहून घ्या. तक्रार करताना "रेंज येत नाही" म्हटलं की कुणी ऐकत नाही. "या नंबरच्या टॉवरवर लाइट गेल्यापासून दोन तासांत रेंज जाते, महिन्यात सहा वेळा झालं" म्हटलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. हाच कागद ग्रामसभेत ठेवा. टॉवर गावातच उभा आहे, मग बॅटरी कधी बदलणार हे गावाने विचारायला काय हरकत आहे?

आणि एक राहिलंच. जुनी बॅटरी कुठे पडलेली दिसली तर पोरांना लांब ठेवा, फोडू देऊ नका. आत शिसं आणि ॲसिड असतं. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करून नीट निकालात काढणं बॅटरी बनवणाऱ्यांची जबाबदारी आहे.

पुढच्या सभेला येताना ते पान घेऊन या. पाच गावांची पानं जमली तरी प्रभागसंघाच्या लेटरहेडवर पत्र मी लिहिते, सह्या तुमच्या.