महादेवभाई



नगर रस्त्यावर आगाखान पॅलेसच्या आवारात दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. एक कस्तुरबांची, हे सर्वांस ठाऊक असते. दुसरी कोणाची असे विचारले की पुष्कळ पुणेकर अडखळतात. मीही एकदा अडखळलो होतो, आणि तीच टोचणी मला आज येथे घेऊन आली आहे.

ती समाधी महादेवभाई देसाई यांची. ते गांधीजींचे चिटणीस होते, एवढे सांगितले की पुष्कळांना सारे सांगून झाले असे वाटते. १८९२ साली सुरत जिल्ह्यात जन्मलेला, कायद्याची पदवी घेतलेला हा तरुण १९१७ साली गांधीजींकडे आला, आणि मग पंचवीस वर्षे त्याने स्वतःसाठी असे काही मागितलेच नाही. गांधीजींचे मूळ गुजराती आत्मचरित्र जगाने इंग्रजीतून वाचले. ते इंग्रजी बहुतांशी महादेवभाईंचे. (काही प्रकरणे प्यारेलालांची आहेत.) वाचणारा मात्र गांधीजींचे इंग्रजी म्हणूनच ते वाचतो. दुसऱ्याच्या आवाजात इतके विरघळून जाणे मला तरी जमले नसते.

गांधीजी सेगावला राहावयास गेले तेव्हा महादेवभाई काही काळ वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. मधले अंतर सुमारे पाच मैल. टपाल आणि लेख घेऊन ते पायी जात व पायी परत येत. कधी एकाच दिवशी दोन खेपा होत. वर्ध्याचे ऊन ज्यांनी अंगावर घेतले आहे त्यांना वीस मैल म्हणजे काय हे मी सांगावयास नको. शिवाय घरी परतल्यावर लिहावयाचे ते निराळेच. शरीराने पुढे त्याचा हिशेब मागितला.

पण केवळ राबणाऱ्या माणसाचे गुणगान करण्यासाठी मी उभा नाही. १९३८ साली ओरिसात एक प्रसंग घडला. पुरीचे जगन्नाथ मंदिर हरिजनांना बंद होते. तेथे कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन दर्शनाला गेल्या. गांधीजींना ते फार लागले. बायकांना समजावून सांगण्यात महादेव चुकला, असे त्यांनी ठरविले आणि 'हरिजन' पत्रात उघडपणे लिहिलेही. महादेवभाई व्यथित झाले. मला मोकळे करा, असे त्यांनी कळविले. गांधीजींनी सोडले नाही. मग महादेवभाईंनीही 'हरिजन'मध्ये लिहिले. त्यात चूक कबूल केली, आणि पृथ्वीवरच्या संताबरोबर नांदणे ही सोपी गोष्ट नव्हे, हेही मिस्कीलपणे सुचविले. कबुली देतानाही हा माणूस वाकला नव्हता, आणि वाकला नाही म्हणून तुटलाही नाही. आपल्या कचेरीत, शाळेत, संस्थेत असा सहकारी लाभला तर त्याला आपण किती दिवस टिकू देऊ?

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि त्यांना गांधीजींबरोबर पुण्यास आणले. बापू तुरुंगात उपोषण आरंभतील आणि त्यात त्यांचा अंत होईल, हीच धास्ती त्यांच्या मनाला खात होती. १५ ऑगस्टला सकाळी हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर सुशीला नायर जवळच होत्या, पण उपाय चालला नाही. गांधीजी येऊन "महादेव, महादेव" अशा हाका मारीत राहिले. त्याने एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिले असते तर तो उठला असता, असे ते पुढे म्हणत. त्याने त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता ना! वय अवघे पन्नास.

देह बाहेर नेता आला नाही. दुर्गाबेन आणि मुलगा नारायण दूर सेवाग्रामला होते. त्र्याहत्तरीला टेकलेल्या गांधीजींनी स्वतः त्यांना स्नान घातले आणि त्याच आवारात अग्नी दिला. पंचवीस वर्षे ज्याने यांची सेवा केली, त्याची ही एक सेवा यांच्या वाट्याला आली.

ज्या उपोषणाची धास्ती होती ते १० फेब्रुवारी १९४३ रोजी सुरू झाले. एकवीस दिवसांचे होते, आणि गांधीजी त्यातून वाचले. ते पाहावयास महादेवभाई नव्हते. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबाही गेल्या, आणि महादेवभाईंच्या शेजारी दुसरी चिता पेटली. समाधीवर फुले वाहावयास गांधीजी नेमाने जात. ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली, तेव्हा त्या दोघांना मागे ठेवूनच ते फाटकाबाहेर पडले.